इमॅजिकाला एक दिवस की दोन? नाशिकहून सहा जण, सोबत आजी

तगर (इंदिरानगर)

नमस्कार मंडळी,

भाऊबीज आटोपली की खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचं, असं पोरांना कबूल केलंय. जायचं नक्की आहे, अडलंय ते दिवसांवर. घरात रोज जेवताना हाच विषय.

आम्ही दोघं, मुलगी सहावीत, मुलगा पाच वर्षांचा, नणंदेचा मुलगा नववीत आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण यायची हौस दांडगी आणि त्यांना सोडून जायचं आमच्या मनातही नाही. गाडी घरची. चालवणारे एकटे हे.

ह्यांचं म्हणणं, पहाटे चारला निघू, दिवसभर पार्क करू, रात्री परत. मुक्कामाचा खर्च कशाला? माझं म्हणणं, किमान एक रात्र राहू. मुलीला थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही हवेत. भाच्याला विचाराल तर तीन दिवसही कमीच.

दुसरा दिवस धरला की तिकिटं, जेवणं, खोली सगळंच वाढतं. उगाच वाढवायचं नाही, पण चार तास रांगेत उभं राहून दोन राईड करून परत यायचं तेही नको. अशी घरं इथे बरीच असतील, म्हणून विचारतेय. किती दिवस ठेवू?

---

कसाराघाट (सातपूर)

ताई, दादांचा बेत कागदावर जमतो, रस्त्यावर जमत नाही. मी या रस्त्याला वर्षानुवर्षं आहे, म्हणून तेवढंच सांगतो.

इंदिरानगरहून इमॅजिका दोनशे किलोमीटरच्या आसपास. लहान मूल आणि म्हातारं माणूस सोबत असलं की चहा-लघवीचे थांबे धरून साडेचार-पाच तास पकडा. जाताना त्रास नाही. पहाटे माणूस ताजा असतो, रस्ता मोकळा असतो. प्रश्न येतानाचा आहे. पार्कातून आठ वाजता बाहेर पडलात तरी पार्किंगमधून गाडी निघून, कुठेतरी जेवून रस्त्याला लागेपर्यंत साडेनऊ. म्हणजे पहाटे तीनला उठलेला माणूस, दिवसभर उन्हात चाललेला, पोराला खांद्यावर घेतलेला, तो रात्री दीड-दोनला घोटीच्या पुढे गाडी चालवत असणार. बाकीचे पाच जण मागे गाढ झोपलेले. गप्पा मारून त्याला जागं ठेवायलाही कुणी नाही. हे करू नका. एक दिवसाचाच पार्क करायचा असेल तरी जाताना किंवा येताना एक मुक्काम हवाच.

रस्ता असा घ्या. मुंबई नाक्यावरून हायवेने इगतपुरी, तिथून समृद्धीवर चढा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट उतरावा लागत नाही. आठेक किलोमीटरचा बोगदा आहे, पोरं खूश होतात. शहापूरजवळ खुटघरला उतरा आणि मुरबाड, म्हसा, कर्जत करत खोपोली. भिवंडी-कल्याण-शीळफाटा हा रस्ता सुट्टीच्या दिवसांत टाळाच, शीळफाट्यावर अडकलात की तासभर तिथेच. मुरबाड-कर्जत रस्ता दिवसा छान आहे. रात्री मात्र अंधार आणि वस्ती कमी, नवख्या माणसाने उजेडातच काढावा. समृद्धीवर खाण्यापिण्याची सोय नाशिक हायवेसारखी पावलापावलावर नाही. आजींचं जे काय असेल ते घोटीलाच उरकून घ्या.

म्हणून माझं मत, दुपारी निघा, संध्याकाळी खोपोलीत पोचा, जेवून झोपा. प्रवासाचा दिवस पार्कच्या दिवसात धरूच नका.

---

मनमाडची_लेक

कसाराघाट दादांना +१. माझे दीर असंच एका दिवसात परत आले होते. सिन्नर फाट्याला घरच्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिथेच दोन तास झोपले.

गाडी न्यायचीच नसेल तर पंचवटी एक्स्प्रेसने कल्याण आणि तिथून खोपोलीची लोकल, हाही मार्ग आहे. पण खोपोली लोकल थोड्या असतात आणि स्टेशनपासून पुढे रिक्षा करावी लागते. सहा जण आणि गुडघेदुखी असताना गाडीच बरी.

---

खडूफळा (नाशिकरोड)

मी शाळेत शिकवतो आणि सहली नेतो. गर्दीबद्दल जे डोळ्यांनी पाहिलंय ते सांगतो, कारण किती दिवस हे शेवटी गर्दीवरच ठरतं.

साधा हिशेब करा. पार्क साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतो आणि रात्री आठच्या आसपास आवरतो. वेळा तारखेप्रमाणे बदलतात, तुमच्या दिवसाची वेबसाईटवर बघून घ्या. नऊ तास धरू. त्यातून जेवणाचा तास, संध्याकाळच्या परेडचा वेळ, स्वच्छतागृह, पाणी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालणं हे वजा करा. हातात राहतात सहा तास. प्रत्येक मोठ्या राईडला पाऊण तास रांग असेल तर आठच्या वर राईड होत नाहीत. रांग पंधरा-वीस मिनिटांची असेल तर त्याच सहा तासांत जवळपास सगळं बघून होतं. पार्क तोच, तिकीट तेच. गर्दीच्या शनिवारी दोन दिवस लागतील ते मोकळ्या मंगळवारी एका दिवसात उरकतं.

आता दिवाळीचं. भाऊबीजेनंतरचा पहिला शनिवार-रविवार पूर्ण टाळा. अख्खी मुंबई आणि अख्खं पुणं त्या दोन दिवसांत तिथे असतं. त्यानंतरचे सोमवार ते गुरुवार बघा. सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की आठवडाभर शांतता असते आणि मग नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंत आमच्यासारख्यांच्या सहली सुरू होतात. मधल्या वारी गर्दी नसते असं समजून डिसेंबरातला बुधवार धरलात तर दारातच बसची रांग दिसेल.

सहलीच्या गर्दीत एक फट मात्र असते. आम्हाला मुलांना रात्री वेळेत घरी पोचवायचं असतं, त्यामुळे पाच-साडेपाचला आमच्या शिट्ट्या वाजतात, हजेरी सुरू होते आणि बस निघतात. त्यानंतर बंद होईपर्यंत रांगा एकदम ओसरतात. दुपारी तासभर उभं राहावं लागतं त्याच राईडला संध्याकाळी लोक उतरून पुन्हा चढताना पाहिलेत. ज्यांचा मुक्काम जवळ आहे त्यांनाच हे दोन तास मिळतात. एका दिवसात नाशिकला परतणाऱ्यांचं लक्ष तेव्हा घड्याळाकडे असतं.

---

बाग_निफाड

सर्वांना नमस्कार. मुक्काम करा, दोन दिवस ठेवा हे सगळं बरोबर आहे, पण आमच्याकडची परिस्थिती वेगळी, ती पण धाग्यात असावी म्हणून लिहितो.

दिवाळी म्हणजे आमची गोडी छाटणी होऊन द्राक्षबाग फुटलेली असते. ढगाळ हवा झाली की डावणी रोगाची भीती. फवारणी एक दिवस चुकली तर वर्ष जातं. दोन रात्री घर सोडणं शक्यच नाही. पोरं दर दिवाळीला मागे लागतात आणि दर दिवाळीला नाही म्हणावं लागतं.

ज्यांना खरंच एकच दिवस निघता येतं, त्यांनी खोपोलीचा हट्ट धरू नये. शिर्डी करावी. नाशिकहून सिन्नरमार्गे दोन तासांत पोचता येतं, निफाडहून तर आणखी जवळ. तिथे साईतीर्थ आहे आणि वेट एन जॉय वॉटर पार्क आहे. पोरं पाण्यात, म्हातारी माणसं साईतीर्थात. तिथला लंकादहनाचा शो, द्वारकामाईचा देखावा हे सगळं बंदिस्त जागेत, बसून बघायचं असतं. रात्री जेवायला घरी. दिवाळीत बागेत सकाळची फवारणी करूनही जाता येतं.

इमॅजिका आम्ही खरड छाटणी उरकली की मेअखेर ते शाळा उघडण्याआधीच्या दिवसांत बसवतो. तेव्हा पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि विजा कडाडल्या की बाहेरच्या मोठ्या राईड थांबवतात. म्हणून त्या दिवसांत जाणाऱ्याने हाताशी एक दिवस जादा ठेवावा, नाहीतर छताखालच्या राईडवर समाधान मानायची तयारी ठेवावी.

---

गोदाकाठ

बाग_निफाड दादांनी शिर्डीचं छान मांडलं. एक जोडतो. शिर्डीचे ते पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाचे आहेत, आणि २०२२ पासून इमॅजिकाही त्यांच्याच ताब्यात आहे. पण आवाका वेगळा आहे. नववीतल्या पोराला रोलर कोस्टरचं वेड असेल तर शिर्डीत त्याची हौस भागणार नाही. तगरताईंच्या घरात तो भाचा आहे, म्हणून त्यांनी खोपोलीच करावं.

---

नायट्रो_रिपीट (कॉलेज रोड)

भाच्याच्या वतीने मी बोलतो. 😀

मोठ्या राईडचा क्रम महत्त्वाचा. गेट उघडताच बहुतेक लोक दारापाशी फोटो काढण्यात रमतात. तुम्ही तडक आत शिरा आणि नायट्रो गाठा. पाय लोंबकळत ठेवणारं कोस्टर आहे, खाली जमीन धरलेलीच नाही. मग डीप स्पेस, तो पूर्ण अंधारात पळतो. मग स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप. जेवायच्या आधी हे सगळं संपवायचं. भरल्या पोटी नायट्रो नको. दुपारी ऊन तापलं की छताखालचे प्रकार घ्या, आय फॉर इंडिया, अलिबाबा, सलीमगढ. पाण्याच्या राईड म्हणजे राजासॉरस आणि स्प्लॅश अहॉय तीन-चारच्या सुमारास. अंगावर कपडे वाळायला ऊन शिल्लक असतं तोवर. उशिरा भिजलात तर पोरं परेडमध्ये कुडकुडतात.

दोन दिवस थीम पार्कच करायचा विचार असेल तर थांबा. त्यापेक्षा एक्स्प्रेस तिकिटाची किंमत बघा. वेगळी छोटी रांग असते. सगळ्यांना घ्यायची गरज नाही, भाचा आणि ताईंची मुलगी या दोघांनाच घ्या. लहान भाऊ आणि आजी त्या राईडला जाणारच नाहीत. कामाच्या मंगळवारी जात असाल तर एक्स्प्रेसही नको, पैसे वाया.

---

तगर

बापरे, एवढं सगळं एका रात्रीत! मनापासून आभार.

ह्यांना कसाराघाट दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. रात्री परतायचं डोक्यातून गेलंय, ते काम झालं.

आता दोन शंका. मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला तिथे नेमकं काय करता येईल? नुसता रडत फिरणार असेल तर कोण कोणाजवळ थांबायचं ते आताच ठरवलेलं बरं. आणि सासूबाईंचा दिवस कसा जाईल? बाकावर बसवून आम्ही मजा करायची, हे मला पटत नाही.

---

अंगतपंगत (गंगापूर रोड)

मुलाचं मी सांगते, आमचं धाकटं त्याच वयाचं असताना गेलो होतो.

घरीच भिंतीला उभं करून उंची मोजा आणि वेबसाईटवर प्रत्येक राईडची किमान उंची बघा. कोणती मिळणार, कोणती नाही याची यादी त्याला आधीच वाचून दाखवा. तिथे राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि दोन बोटं कमी पडली तरी सोडत नाहीत. सोडूही नये. अर्धा तास रांगेत उभं राहून पट्टीपाशी परत फिरलेलं पोर जे रडतं ते आवरत नाही. आधी सांगितलेलं असेल तर फारसं मनाला लावून घेत नाही. बऱ्याच पार्कांत लहान मुलाचं तिकीटही वयावर नसतं, उंचीवर असतं. तेही याच मोजणीत कळेल.

पाच वर्षांच्या मुलाचा थीम पार्क म्हणजे मेरी-गो-राउंड, टबीचा उडता हत्ती, हॅपी व्हील्सच्या गाड्या, आणि त्यातलंच एखादं पुन्हा पुन्हा. त्याला नवी राईड दाखवायला ओढत नेऊ नका. जे आवडलं ते पाच वेळा करू द्या. तीन-चार तासांत तो दमणार. दुपारी त्याला झोप हवी, आणि ती झोप मिळाली तरच संध्याकाळची परेड तो हसत बघेल. मुक्काम जवळ असला तर एका माणसाने त्याला खोलीवर नेऊन झोपवून आणता येतं. त्यासाठी बाहेर पडून परत आत येता येतं का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. पार्कला लागून नोव्होटेल आहे, पण खिशाला जड. खोपोलीत साधी हॉटेलं मिळतात, तिथून जाऊन-येऊन थोडा वेळ जातो.

दोन दिवस ठरवा ते या झोपेसाठी. मोठ्यांना एका दिवसात रेटता येतं, पाच वर्षांच्या मुलाला नाही.

---

मोगरा_पंचवटी

तगर बाळा, सासूबाईंचं मला सांगू दे. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि नातवंडांबरोबर जाऊन आले आहे.

आम्हाला बाकावर बसायचं दुःख नसतं. कोणीतरी दर दहा मिनिटांनी येऊन "आई कंटाळलात का?" असं विचारतं, त्याचा संकोच होतो. पोरांचे खिदळते चेहरे बघायलाच आम्ही येतो. पण सलग दोन दिवस तेच नको. एक दिवस पार्क, भरपूर सावली, मधे आय फॉर इंडियासारखं काहीतरी. आपल्या देशातली ठिकाणं विमानातून दिसावीत तशी दिसतात, मला फार आवडलं. संध्याकाळी परेड. व्हीलचेअर मिळते का ते आधी फोन करून विचारून ठेव आणि त्यांना सांग की ती घेण्यात कमीपणा नाही. पार्कात चालणं खूप आहे. गुडघे दुखायला लागले की माणूस सांगत नाही, गप्प बसतो. तो गप्पपणा ओळख.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पार्कात नेऊच नकोस. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच आहे ना? एका बाजूला महडचा वरदविनायक, दुसऱ्या बाजूला पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले दोन गणपती, दोन्ही अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. पोरं वॉटर पार्कात जातील तेव्हा तुमच्यापैकी एकाने सासूबाईंना घेऊन महड आणि पाली करावं. सकाळी लवकर महड, मग पाली, पालीला प्रसादाचं जेवण, दुपारी परत. आमच्या लेकाने असंच केलं. घरी आल्यावर शेजारणींना मी दर्शनाचंच सांगत होते आणि नातू नायट्रोचं.

---

जमाखर्च (अंबड)

मोगराताईंनी सुचवलं त्यातच पैशाचं उत्तर आहे. दोन दिवस म्हणजे दुप्पट खर्च, ही समजूत आधी बाजूला ठेवा.

पेट्रोल, टोल हे एकदाच. एक मुक्काम तर कसाराघाट दादांच्या म्हणण्याप्रमाणे एक दिवसाच्या बेतातही लागणारच होता. वाढतंय ते इतकंच, आणखी एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची तिकिटं. ती तिकिटं सहा जणांची लागत नाहीत. वॉटर पार्कला आजी नाहीत, त्यांना घेऊन जाणारं माणूस नाही. उरले चौघं, त्यात धाकटा उंचीने लहान. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांचं जोड तिकीट मिळतं, ते दोन सलग दिवसांना चालतं का हे बघा आणि वेगवेगळ्या तिकिटांशी ताडून बघा. आगाऊ ऑनलाइन काढलं की बहुधा सवलत असते.

एका दिवसात दोन्ही पार्क कोंबायचा मोह होईल. करू नका. वॉटर पार्क संध्याकाळी लवकर बंद होतो आणि थीम पार्क उशिरापर्यंत चालतो, त्यामुळे सकाळी पाणी आणि दुपारनंतर राईड हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात दोन-तीन तास पाण्यात काढलेलं पोर दुपारी पेंगतं आणि पुढच्या महागड्या तिकिटाचे तास ते कडेवर झोपून काढतं. हैदराबादच्या वंडरलात जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या राईड एकाच तिकिटात आहेत, तिथे ते चालतं. दमलं तर दमलं, जादा काही भरलेलं नसतं.

इमॅजिकाच्या स्नो पार्कचं वेगळं तिकीट आणि ठरावीक वेळेचं सेशन. पाच वर्षांच्या मुलाला बर्फ बघायचं अप्रूप असतं, पण तो दिवसात बसला तर बसवा. त्यासाठी दिवस वाढवू नका.

---

निलगिरी_बाग

धागा थोडा वळवते, चालेल ना? मुलगी अमेरिकेत आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आणि जावई सगळ्यांना फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला नेणार आहेत. नातवंडं सात आणि चार वर्षांची. जावई म्हणतात सहा दिवस. एका पार्कला सहा दिवस? मला काही समजेना.

---

सातासमुद्रापार (मूळ देवळाली कॅम्प, मुक्काम टाम्पा)

निलगिरीताई, जावयांचं बरोबर आहे, कारण तो एक पार्क नाही. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम सुरू झालं, मग एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम. चार स्वतंत्र पार्क आणि वर दोन वॉटर पार्क. सगळी जागा मिळून शंभर चौरस किलोमीटरच्या घरात. एका पार्कातून दुसऱ्यात बसने किंवा मोनोरेलने जावं लागतं. म्हणून चार पार्कांचे चार दिवस हा सरळ हिशेब आणि मधे एक दिवस कोराच ठेवायचा. हॉटेलचा पोहण्याचा तलाव, झोप, वरण-भात. सहावा दिवस कुणी आजारी पडलं किंवा पाऊस आला तर. सात आणि चार वर्षांच्या मुलांना मॅजिक किंगडम दोनदा हवं असतं, तोही त्यात बसतो.

तिथली तिकीटपद्धत आपल्या उलट आहे. तिकीट दिवसांचं असतं आणि दिवस वाढतील तसा दर दिवसाचा भाव उतरत जातो. चौथा-पाचवा दिवस पहिल्याइतका महाग पडत नाही, म्हणून इकडचे लोक सहज दिवस वाढवतात. तिकीट वयावर आहे, तीनच्या आतलं मूल फुकट, दहापासून मोठ्यांचं तिकीट.

तुम्हा दोघांसाठी महत्त्वाचं हे. नाशिकहून आल्यावर पहिले तीन-चार दिवस पार्कचं नावही काढू नका. मे महिन्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, दुपारी दोनला डोळे मिटायला लागतात. फ्लोरिडाचं ऊन दमट असतं आणि उन्हाळा सुरू झाला की दुपारी गडगडाट होऊन पाऊस कोसळतो, बाहेरच्या राईड थांबतात. सकाळी गेट उघडताना आत, बारा-एकला हॉटेलवर झोपायला, पाचनंतर परत. सहा दिवस असले तरच असं निवांत करता येतं. तीन दिवसांत करायला गेलात तर दुपारचं ऊन अंगावर काढावं लागतं.

आणि डिस्नेत बाहेरचं खाणं नेऊ देतात, काचेची बरणी आणि दारू सोडून. दशम्या, चिवडा, मुलांची पोळीभाजी बिनधास्त न्या. लहान मुलाला राईड चालत नसेल तर एकाने थांबायचं, दुसऱ्याने जायचं आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल करायची, अशी सोय आहे. प्रत्येक राईडपाशी विचारा.

जावई युनिव्हर्सलचं नाव काढतील. तिथे २०२५ च्या मेमध्ये एपिक युनिव्हर्स नावाचा नवा पार्क उघडलाय. चार वर्षांचं नातवंड असताना याच फेरीत तेही करू नका.

---

निलगिरी_बाग

वरण-भाताचा दिवस! हे फारच पटलं. आजच व्हिडिओ कॉलवर सांगते. आभार.

---

तगर

ठरलं. रात्री सगळे बसून ठरवलं, सासूबाईंसकट.

सोमवारी दुपारी जेवून निघायचं, उजेडात कर्जत गाठायचं, खोपोलीत मुक्काम. मंगळवारी सगळे थीम पार्कात. एक्स्प्रेस नाही. दुपारी मी धाकट्याला घेऊन खोलीवर, परत संध्याकाळी परेडला. तेवढ्यात हे भाचा आणि मुलीबरोबर मोठ्या राईडवर. बुधवारी हे तिघा मुलांना घेऊन वॉटर पार्कात आणि मी सासूबाईंबरोबर रिक्षा ठरवून महड आणि पाली. बुधवारी रात्री पुन्हा खोपोलीतच राहायचं, गुरुवारी सकाळी आरामात निघून दुपारी घरी. पार्कचे दोन दिवस, घराबाहेर तीन रात्री. ह्यांनी खर्चाचा कागद मांडला आणि तिसऱ्या रात्रीला स्वतःच हो म्हणाले. पाण्यात दिवस काढून गाडी चालवायची नाही, असं तेच म्हणाले.

पालीचं नाव काढल्यापासून सासूबाईंनी नारळ आणि दूर्वांचं बोलायला सुरुवात केलीये. भाचा रुसलाय, त्याला नायट्रो दोन दिवस हवं होतं. त्याला सांगितलंय, मंगळवारी संध्याकाळी सहानंतर कितीही वेळा बस.

एकच राहिलं. वॉटर पार्कात कपडे कसे लागतात?

---

अंगतपंगत

नायलॉनचेच. सुती टी-शर्ट, बर्म्युडा, लेगिंग पाण्यात चालत नाहीत, काठावरूनच परत पाठवतात. तिथे भाड्याने मिळतात पण मापाचे मिळतीलच असं नाही. मुलीला पूर्ण बाह्यांचा स्विमसूट इथूनच घ्या, मेन रोडला मिळतात. धाकट्याचे दोन जोड ठेवा. केसांना तेल लावून पाठवू नका, टोपी न्या, आणि दादांना सांगा की गाडीची चावी आणि मोबाईल लॉकरमध्येच ठेवायचे.

---

कसाराघाट

बेत झकास. सोमवारी एकच्या आत निघा म्हणजे म्हसा-कर्जत उजेडात होईल, दिवाळीनंतर सहालाच अंधारतं. महड-पालीची रिक्षा आदल्या रात्री हॉटेलवाल्याकडूनच ठरवा, दोन्ही ठिकाणी थांबायचं धरून भाडं आधी बोलून घ्या. आणि येताना गुरुवारी मुरबाडकडूनच या, शीळफाट्याला वळू नका.